गाठ निघाली, मग किमो कशाला? मुलांमधल्या रॅब्डोमायोसार्कोमाविषयी एका मामाला उत्तर

तुम्ही लिहिलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. भाचा सहा वर्षांचा. सायकलवरून पडल्यानंतर डाव्या हाताला कोपराच्या खाली सुपारीएवढी गाठ दिसली. दुखत नव्हती, म्हणून मुका मार समजून लेप लावले, तेल चोळलं. दोन महिन्यांत ती लिंबाएवढी झाली. तालुक्याच्या गावी एका सर्जननी भूल देऊन ती काढली, आणि बारा दिवसांनी रिपोर्ट आला: स्मॉल राउंड सेल ट्यूमर (लहान गोल पेशींची गाठ), डेस्मिन आणि मायोजेनिन (स्नायूच्या पेशींच्या खुणा) पॉझिटिव्ह, रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंच्या पेशींचा कॅन्सर, कडा मोकळ्या नाहीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठीच्या पेशी आहेत. आता ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. तुमचे प्रश्न असे: गाठ पूर्ण निघाली असं सर्जन म्हणतात, मग किमो कशाला? हात कापावा लागेल का? हे पडण्यामुळे झालं की घराण्यातून आलं? वाचेल का? आणि शेवटी एक ओळ, की ताईला अजून कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही.

मी गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो: किमो लागणारच. रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आल्या असत्या तरी लागली असती.

त्याचं कारण जुन्या अनुभवात आहे. १९७० च्या आधी या आजारावर मुख्य इलाज म्हणजे शस्त्रक्रिया, आणि तीही मोठी. हात-पाय काढत, मूत्राशय काढत, डोळा काढत. एवढं करूनही चारातलं जेमतेम एक मूल वाचायचं. गाठ काढलेली जागा कित्येकदा स्वच्छ राहायची आणि वर्षभरात आजार फुप्फुसात किंवा अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) निघायचा. म्हणजे गाठ हाताला लागण्याइतकी मोठी होते तोवर तिच्यातल्या काही पेशी रक्तातून पुढे गेलेल्या असतात. त्या कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाच्या बाबतीत त्या आहेत असंच धरून चालतो. १९७२ मध्ये अमेरिकेतली अनेक रुग्णालयं एकत्र आली आणि फक्त याच आजाराचा अभ्यास करणारा एक गट त्यांनी उभा केला, कारण एकेकट्या रुग्णालयाकडे वर्षाला चार-दोन मुलंच यायची आणि तेवढ्यावरून काहीच शिकता येत नव्हतं. त्या एकत्रित कामातून किमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचा मेळ बसला, आणि वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण आज १०० पैकी ७० च्या आसपास आहे. त्यातला मोठा वाटा किमोचा आहे.

आता या नावाविषयी. रॅब्डो म्हणजे ग्रीक भाषेत काठी, मायो म्हणजे स्नायू. ज्या पेशी पुढे हातापायांचे पट्टेदार स्नायू होणार असतात, त्या अर्ध्या वाटेवर अडकतात आणि नुसत्या वाढत सुटतात. हाडाचा कॅन्सर, रक्ताचा कॅन्सर लोकांना माहीत असतात. स्नायू, चरबी, अस्तरं अशा मऊ ऊतींचाही कॅन्सर होतो हे फारसं कानावर नसतं. मुलांमधल्या अशा मऊ ऊतींच्या कॅन्सरपैकी जवळपास निम्मे रॅब्डोमायोसार्कोमा असतात, आणि मुलांच्या एकूण कॅन्सरमध्ये याचा वाटा साधारण ३ टक्के. इतका दुर्मीळ आजार, की एखाद्या तालुक्यातल्या सर्जनला तीस वर्षांच्या व्यवसायात तो एकदाही दिसणार नाही. तुमच्या सर्जनवर राग धरू नका हे मी एवढ्यासाठीच म्हणतो. पण जे झालं ते कसं व्हायला हवं होतं हे सांगितलं पाहिजे, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात आज अशीच एक गाठ असेल.

मुलांच्या अंगावर गाठी पुष्कळ येतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. काळजीची गाठ ओळखायच्या खुणा थोड्या आहेत: ती वाढत राहते, घट्ट लागते, कातडीखाली सरकत नाही, खोल स्नायूत रुतल्यासारखी वाटते, आणि बहुतेकदा दुखत नाही. हे न दुखणंच घात करतं. दुखलं असतं तर घरचे आठवड्यात धावले असते. मागे माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली होती. आजीने नजर लागू नये म्हणून तिच्या दंडाला काळा दोरा बांधलेला. आजी म्हणाली, "दोरा बांधला तेव्हा बोट जायचं आतून. तीन आठवड्यांनी दोरा मांसात रुतला, तेव्हा म्हटलं पोरगी काही एवढ्यात जाड झाली नाही." दुसऱ्या दंडाचा दोरा तसाच सैल होता. ती गाठ पाच सेंटिमीटरच्या आत असताना आमच्यापर्यंत पोचली, त्याचं श्रेय त्या आजीच्या नजरेला. मापाला टेप लागतोच असं नाही. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून बघायची सवय लागते.

हातापायांतली गाठ निदान दिसते तरी. हा आजार सर्वाधिक होतो तो डोकं आणि मानेच्या भागात, त्याखालोखाल मूत्राशय आणि जननेंद्रियांच्या आसपास. तिथे तो वेगवेगळी सोंगं घेऊन येतो. डोळ्याच्या खोबणीत असेल तर डोळा आठ-पंधरा दिवसांत पुढे येतो आणि पापणी सुजते, म्हणून डोळा आला समजून थेंब चालू राहतात. कानात असेल तर रक्तमिश्रित पू येतो, आणि कान फुटला म्हणून महिनाभर औषध होतं. लहान मुलीच्या योनिमार्गातून द्राक्षाच्या घडासारखं मांस बाहेर येतं आणि घरचे संकोचाने बोलत नाहीत. मुलाच्या अंडकोशाशेजारी घट्ट गाठ लागते आणि ती हायड्रोसील (पिशवीत साठलेलं पाणी) ठरते. या शेवटच्या जागेबद्दल सर्जन मंडळींना माझी हात जोडून विनंती असते: ती गाठ अंडकोशाच्या पिशवीवर छेद घेऊन काढू नये, जांघेतूनच काढावी. पिशवीतून काढली तर आजार तिथल्या कातडीत पसरू शकतो आणि लसिकांचा (शरीरातला स्वच्छ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) वेगळाच रस्ता त्याला उघडा होतो.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. नवीन असताना एका मुलीच्या डोळ्याची सूज मी जंतुसंसर्ग धरून दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. सूज उतरेना, तेव्हा एमआरआय केला. ती मुलगी बरी झाली, खोबणीतल्या या आजारात १०० पैकी ९० हून जास्त मुलं बरी होतात. पण ते दहा दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत. तेव्हापासून एका बाजूचाच डोळा पुढे येतोय आणि ताप नाही, असं दिसलं की मी थांबत नाही.

तर क्रम असा असायला हवा होता. आधी एमआरआय, म्हणजे गाठ कुठल्या स्नायूत आहे, नस आणि रक्तवाहिनी किती जवळ आहे हे कळतं. मग जाड सुईने तुकडा, आणि तोही अशा रेषेतून, की पुढे शस्त्रक्रिया करताना सुईची ती वाट गाठीबरोबरच काढून टाकता येईल. मग रिपोर्ट. मग मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ, सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून ठरवतात. तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो, सुरी लागली की खवळतो, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. नीट योजून घेतलेल्या तुकड्याने असं होत नाही. भीतीत तथ्य आहे ते इतकंच, की न योजता केलेल्या शस्त्रक्रियेत गाठीच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी थरांत सांडतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत छेद हाताला आडवा दिसतो. हातापायाच्या गाठीवर छेद नेहमी उभा, हाताच्या लांबीला धरून घ्यायचा असतो, कारण पुढे ती सगळी खूण आजूबाजूच्या पट्ट्यासकट काढायची किंवा रेडिएशनखाली घ्यायची झाली तर आडव्या खुणेमुळे हाताचा बराच जास्त घेर त्यात येतो. हे निस्तरता येतं, फक्त काम वाढतं.

आता उद्या सकाळी करायचं पहिलं काम. ज्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला तिथे स्वतः जा आणि स्लाइडबरोबर (काचपट्टीवरच्या पातळ कापाबरोबर) ब्लॉकही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीहून लहान प्लास्टिकच्या चौकटीत असतो. तो तुमच्या भाच्याचा आहे, तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रवासात उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. मुलाचा सगळा पुढचा इलाज या ठोकळ्यावर ठरणार आहे. (ज्यांची गाठ अजून निघायची आहे त्यांनी एवढं बघावं, की काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) जातोय. नुसत्या सलाइनच्या बाटलीत तासन्‌तास पडलेले, नासलेले तुकडे मी पाहिलेत. आणि काही वेळा तर साधी गाठ दिसतेय म्हणून तपासणीला न पाठवता टाकून दिलेल्या गाठी, ज्यांचं खरं रूप सहा महिन्यांनी परत आल्यावर कळलं.)

त्या ब्लॉकवर एक जनुकीय तपासणी करायची असते. तुमच्या रिपोर्टमध्ये प्रकार लिहिलेला नाही, आणि मुलांमध्ये याचे दोन मुख्य प्रकार आहेत: एम्ब्रियोनल आणि अल्व्हिओलर. एम्ब्रियोनल जास्त आढळतो, लहान वयात जास्त, आणि औषधाला चांगला वळतो. अल्व्हिओलर हातापायांत तुलनेने जास्त आणि जरा हट्टी. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून फरक ठरवत. आता कळलंय, की खरा फरक दोन जनुकं एकमेकांना चिकटण्यात आहे. १३ व्या गुणसूत्रावरचं फॉक्सो-१ हे जनुक दुसऱ्या किंवा पहिल्या गुणसूत्रावरच्या पॅक्स-३ किंवा पॅक्स-७ ला जोडलं गेलं, की त्या जोडीतून एक भलतंच प्रथिन तयार होतं आणि पेशीला वाढत राहायचा हुकूम देत राहतं. अल्व्हिओलर दिसणाऱ्या सुमारे ८० टक्के गाठींत ही जोडणी सापडते. ज्यांत सापडत नाही त्या दिसायला अल्व्हिओलर असल्या तरी वागायला एम्ब्रियोनलसारख्या असतात. म्हणून रिपोर्ट हातात घेताना मी आधी हाच निकाल शोधतो. ही जोडणी शोधणाऱ्या तपासणीला फिश म्हणतात. डॉक्टरांना विचारा: "फॉक्सो-१ ची फिश टेस्ट पाठवली का?"

दुसरं काम, आजार कुठवर पोचलाय ते बघणं. हाताचा एमआरआय, छातीचा सीटी, शक्यतो पेट स्कॅन, आणि ठरलेल्या मुलांत अस्थिमज्जेची तपासणी. हाताच्या गाठीत एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते, ती म्हणजे लसिकाग्रंथी. हाताचा आजार कोपराच्या आतल्या बाजूच्या आणि काखेतल्या ग्रंथींत जातो, आणि स्कॅनवर त्या साध्या दिसल्या तरी आत पेशी असू शकतात. म्हणून रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिली ग्रंथी कुठली ते शोधतात आणि तेवढीच काढून तपासतात. याविषयी आवर्जून विचारा. मुलाच्या फाइलवर "स्टेज" आणि "ग्रुप" असे दोन वेगळे आकडे दिसतील, त्याने गोंधळू नका. स्टेज ठरते उपचाराआधी गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि कुठे पसरलीय यावरून. ग्रुप ठरतो पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मागे किती उरलं यावरून. तुमच्या भाच्याचं मागे सूक्ष्म स्वरूपात काही उरलं असावं, म्हणून या स्कॅनमध्ये बाकी काही सापडलं नाही तर तो ग्रुप दोनमध्ये बसेल. कुणी "दुसरा" म्हटलं की नातेवाईक ते दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर म्हणून गावभर सांगतात.

हात कापावा लागेल का? माझ्या अंदाजाने नाही. हा आजार किमो आणि रेडिएशन दोन्हींना वळतो, त्यामुळे अवयव काढायची वेळ आता क्वचित येते. होईल ते असं, की जुन्या खुणेच्या आजूबाजूचा थर पुन्हा एकदा काढून घेतला तर हाताचं काम बिघडणार नाही असं सर्जनला वाटलं, तर किमोच्या आधीच ती दुसरी छोटी शस्त्रक्रिया करतील. ती कॅन्सरच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जननेच करावी. नस जवळ असेल आणि बोटं निकामी व्हायचा धोका असेल, तर न कापता रेडिएशनवर भागवतील. कुठलाही मार्ग घेतला तरी पहिल्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत किमो सुरू व्हायला हवी, त्यातले तीन गेलेत. म्हणून "पुढच्या महिन्यात पाहू" असं होऊ देऊ नका.

औषधं बहुतेक ठिकाणी तीन असतात: व्हिन्क्रिस्टीन, डॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. युरोपात तिसऱ्याच्या जागी आयफॉस्फामाइड देतात. दर तीन आठवड्यांनी एक फेरी, मधल्या आठवड्यांत सुरुवातीला नुसतं व्हिन्क्रिस्टीन, आणि हे सगळं सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, प्रकार आणि जोखीम बघून. जास्त जोखमीच्या मुलांना शेवटी आणखी सहा महिने कमी ताकदीची किमो देण्याची पद्धत २०१९ पासून रूढ झाली. युरोपातल्या अभ्यासात ती घेतलेल्या मुलांपैकी पाच वर्षांनी ८६.५ टक्के जिवंत होती, न घेतलेल्यांपैकी ७३.७ टक्के. औषधं नवीन नाहीत, महागही नाहीत: आठवड्याला व्हिनोरेलबीनचं इंजेक्शन आणि रोज तोंडातून थोडी सायक्लोफॉस्फामाइड. माझ्या कामात इतकी आनंदाची बातमी फार वेळा आलेली नाही.

त्रास काय होतील? केस जातील आणि येतील. उलटीची औषधं आता चांगली आहेत. ज्यांकडे लक्ष ठेवायचं ते वेगळेच. व्हिन्क्रिस्टीनने नसा मंदावतात, त्यामुळे बद्धकोष्ठ होतं आणि पायाचा पंजा उचलायला जड जातो. हे आईलाच आधी कळतं. एक आई मला म्हणाली होती, "डॉक्टर, ह्याची चप्पल सारखी निसटते, मी दोन नवीन आणल्या." चप्पल बरोबर होती, पाऊल वर उचलत नव्हतं. फिजिओथेरपी सुरू केली, पट्टा दिला आणि औषध संपल्यावर काही महिन्यांत पाऊल परत आलं. तेव्हा चप्पल निसटली, शर्टाची बटणं लागेनात, तर लगेच सांगा. व्हिन्क्रिस्टीन चालू असताना बुरशीची काही औषधं, विशेषतः इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल, त्याचा परिणाम धोकादायक वाढवतात, म्हणून गावातल्या दुकानातून परस्पर कुठलंच औषध आणू नका. सायक्लोफॉस्फामाइडच्या दिवशी पाणी भरपूर आणि लघवी वारंवार. लघवी लाल दिसली तर रात्र असली तरी फोन करा. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही हे औषध परिणाम करू शकतं, ते एकूण किती गेलं त्यावर ठरतं. हे आत्ताच विचारून ठेवा, अवघड वाटलं तरी.

आणि ताप. हे मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा सांगतो. किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात काखेतला ताप १००.४ झाला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्या तासात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. मूल हसत-खेळत असलं तरी. मी या आजाराच्या उपचारात जी मुलं गमावली त्यांतली काही कॅन्सरने गेली नाहीत, रात्री अकराला आलेल्या तापाला सकाळी नऊला रुग्णालय मिळाल्याने गेली. म्हणून वर्षभर रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर राहायची सोय करा. गावातल्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेवा, फाइलच्या पहिल्या पानावरचं तापाचं पत्र त्यांना दाखवा, म्हणजे अडचणीच्या वेळी पहिला डोस ते देऊ शकतील.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाइट म्हणतात, ते साधारण तेराव्या आठवड्याच्या आसपास येतं. ग्रुप दोनमध्ये, ग्रंथी मोकळ्या असतील, तर ३६ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप). रोज १.८ ग्रे म्हणजे २० दिवस, शनिवार-रविवार सोडून. गाठ दिसण्याइतकी मागे उरली असती तर ५०.४ ग्रे, म्हणजे २८ दिवस लागले असते. भाजत नाही, दुखत नाही, मूल दुसऱ्या दिवशी किरणोत्सारी होत नाही. शेजारणीला सांगावं लागेल म्हणून लिहितो. कातडी काळवंडते. त्या भागातलं हाड पुढे थोडं कमी वाढतं, म्हणून तो हात मोठेपणी जरा आखूड किंवा बारीक राहू शकतो. वाढत्या वयात दरवर्षी दाखवत राहायचं.

आता ज्यासाठी मी इतकं लांब लिहितोय ते. दोन-तीन किमो झाल्या की मुलं टवटवीत होतात. तुमच्या भाच्याची तर गाठ दिसतच नाही, त्यामुळे "आता बरा झालाय, कशाला त्रास" हा सूर तुमच्या घरात लवकर उमटेल. मग एखादा पाहुणा काढा सुचवेल, कुणीतरी कुठल्याशा गावी गुण येणारा वैद्य सांगेल, पेरणी आली म्हणून एक फेरी चुकेल. अर्धवट सोडलेला रॅब्डोमायोसार्कोमा परत येतो तेव्हा तो आधीच्या औषधांना ओळखून आलेला असतो. पहिल्या वेळी जितकी संधी असते तितकी दुसऱ्या वेळी राहत नाही. मी या कारणाने गमावलेली मुलं पैशाअभावी गमावलेल्या मुलांहून कमी नाहीत. भस्मं आणि काढे किमोच्या काळात अजिबात नकोत; डॅक्टिनोमायसिन आधीच यकृतावर ताण आणतं. खाणं घरचं, ताजं, शिजवलेलं. गोड बंद, दूध बंद, असली पथ्यं मुलाचं वजन घालवतात.

पडण्यामुळे कॅन्सर होत नाही. पडल्यावर हाताकडे लक्ष जातं आणि आधीच असलेली गाठ दिसते. ताईने गरोदरपणात काय खाल्लं, कुठे गेली, याचाही संबंध नाही, हे तिला तुम्ही आवर्जून सांगा, कारण ती विचारणार नाही आणि रात्री जागत बसेल. आनुवंशिकता बहुतेक घरांत नसते, पण विचारून ठेवायची असते. १९६९ मध्ये लि आणि फ्राउमेनी या दोन डॉक्टरांनी रॅब्डोमायोसार्कोमा झालेल्या ६४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांत चार घरं अशी सापडली जिथे भावंडांना किंवा चुलत-आते भावंडांनाही असाच आजार होता, आणि तरुण वयातल्या आयांना, मावश्यांना स्तनाचा कॅन्सर. पुढे त्याचं मूळ टीपी-५३ या, पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या, जनुकात निघालं. तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांत चाळिशीच्या आत कुणाला स्तनाचा, मेंदूचा, हाडाचा कॅन्सर झाला होता का, हे आजी-आजोबांकडून काढून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

वाचेल का, याचं उत्तर आज मी टक्क्यांत देऊ शकतो, पण फिश आणि स्कॅन हे दोन रिपोर्ट आल्यावरच ते पक्कं होईल. गाठ पाच सेंटिमीटरच्या आत होती, वय एक ते नऊच्या मधलं आहे, मागे फार उरलेलं दिसत नाही. या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. फॉक्सो-१ ची जोडणी नसली आणि कुठे पसरलेलं नसलं तर अशा मुलांत १०० पैकी ८५ ते ९० बरी होतात. जोडणी निघाली तर ५० ते ६५. फुप्फुसात किंवा मज्जेत गेलेला असला तर लढाई खूप अवघड, तरीही दहा वर्षांच्या आतल्या एम्ब्रियोनल मुलांत तेव्हाही आम्ही बरं करण्यासाठीच औषध देतो.

कुठे जायचं? जिथे मुलांच्या कॅन्सरचे स्वतंत्र डॉक्टर, सर्जन आणि रेडिएशन एका छताखाली आहेत तिथे. मुंबईत टाटा मेमोरियल, १९४१ पासूनचं, आणि त्याचंच खारघरचं केंद्र, जिथे आता प्रोटॉन रेडिएशनही आहे. पण सगळी किमो मुंबईतच घ्यावी लागते असं नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या रुग्णालयांना एकमेकांशी बोलून उपचार ठरवता येतात. योजना मोठ्या केंद्रात आखून फेऱ्या जवळच्या शहरात घेणारी माझी कितीतरी कुटुंबं आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) भेटून रेशन कार्ड आणि मुलाचं आधार कार्ड द्या. नाव आणि जन्मतारीख दोन्हींवर सारखी आहे ना, हे आज घरीच बघून ठेवा. निम्मे अर्ज तिथेच अडकतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के. मुंबईत राहायचं झालं तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत खोली मिळते, त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातून नाव जावं लागतं.

राहिली ताई. तिला आजच सांगा. रात्री थर्मामीटर ती लावणार, चप्पल निसटलेली तिला दिसणार, भूल देण्याआधी सही तिची लागणार. वॉर्डात गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून तिला कळलं तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास बसणार नाही. एकदाच, बसून, साध्या शब्दांत: कॅन्सर आहे, नाव अमुक, बहुतेक मुलं बरी होतात, वर्षभर औषध लागेल. मग गप्प बसा आणि तिला रडू द्या. भाच्यालाही सांगायचं, त्याच्या वयाच्या बोलीत. सहा वर्षांची मुलं आमच्या वॉर्डात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात: आज सुई आहे का? असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा, आणि त्याच्याशी एकदाही खोटं बोलू नका. ब्लॉक हातात आला आणि फिशचा निकाल लागला की मला परत लिहा.